१७६६३१९०४९ : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, उरकली, आता टाळाटाळ करायला निमित्त उरलं नाही. २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिवसाला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत फलक लावायचे आहेत. शून्य, पाय (π), १७२९ आणि कापरेकरांचा ६१७४ बाकीच्यांनी आधीच उचलले. माझ्या वाट्याला आली ‘एक मोठी संख्या’. बैठकीत सूचना भरपूर झाल्या: बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे, एकावर शंभर शून्यं. दोन्ही नको म्हटलं. एकावर शंभर शून्यांत लांबीखेरीज बघण्यासारखं काय आहे?

मी घेतली १,७६,६३,१९,०४९. एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. मोबाइल नंबराएवढी, दहा आकडी. एकाने सुरू होते म्हणून कुणाला लागणार मात्र नाही.

ती येते कुठून? प्रश्न साधा आहे. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग घ्या, ६१ ने गुणा, १ मिळवा. येणारं उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग हवं. शून्य सोडून अशी सर्वांत लहान संख्या कोणती? २२,६१,५३,९८०. आणि तिच्यापासून जो वर्ग तयार होतो त्याचं वर्गमूळ म्हणजे आपली १७६६३१९०४९.

मजा कळायची तर ६१ चा शेजार बघावा. ६० घेतलं तर ४ पुरतात: ६० × १६ + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतलं तर ८ पुरतात, उत्तर ६३. ६३ ला तर नुसता १ पुरतो, उत्तर ८. ५९ जरा ताणतं: ६९ आणि ५३०. आणि मधेच ६१ एकदम कोटींत जातं. शंभराच्या आतल्या दुसऱ्या कुठल्याही संख्येला एवढं मोठं उत्तर लागत नाही. ६१ चा हा उच्चांक मोडणारी पहिली संख्या १०९.

फलकासाठी माझी एकच अट: जे लिहू ते खोलीत बसून, कागद-पेन्सिलीने पडताळता आलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर

आधी संगणकावर तपासून घ्यावं म्हणून स्प्रेडशीटमध्ये दोन्ही संख्या घातल्या आणि ‘पहिलीचा वर्ग वजा दुसरीच्या वर्गाची ६१ पट’ हे सूत्र लिहिलं. उत्तर यायला हवं १. आलं ०.

कारण ठाऊक असलं तरी डोळ्यांसमोर बघताना गंमत वाटते. आपल्या संख्येचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१, एकोणीस आकडी. स्प्रेडशीट पंधरा आकडे दाखवते आणि पुढे शून्यं भरते, म्हणून पडद्यावर दिसतं ३११९८८२९८२८६०२६००००. आतल्या हिशेबातही एवढ्या उंचीवर तिला ५१२-५१२ च्या टप्प्यांनीच पाय टाकता येतो. दोन्ही बाजू एकाच टप्प्यावर टेकतात आणि मधला १ नाहीसा होतो. सगळा प्रश्न त्या एकाचाच, आणि नेमका तोच गायब.

पायथन या संगणकाच्या भाषेत पूर्णांक अख्खे राहतात, तिथे १ बरोबर आला. पण फलकासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘पायथन म्हणतो म्हणून खरं’ असं सांगायचं नाही. गुणाकार हातानेच करणार.

१५ नोव्हेंबर

भाची अकरावीला आहे. ती आणि तिची मैत्रीण दुपारी आल्या. चौकटीच्या वहीचं पान आडवं धरून २२६१५३९८० चा वर्ग केला: ५११४५६२२६६९८४०४००. त्याला ६१ ने गुणलं, १ मिळवला. दुसऱ्या पानावर १७६६३१९०४९ चा वर्ग. दोन्ही पानं शेजारी ठेवून आकडा न् आकडा बोटाने जुळवला. जुळलं.

मग कसोट्या. नऊची कसोटी आमच्या पिढीला शाळेत शिकवली होती, या मुलींना नवीन. १७६६३१९०४९ च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे नवाने भागून बाकी १. दुसरीच्या अंकांची बेरीज ३६, बाकी ०. एकाचा वर्ग १. शून्याचा वर्ग गुणिले काहीही, अधिक १, तेही १. ठीक.

नऊची कसोटी अंकांची अदलाबदल पकडत नाही, म्हणून अकराचीही करायला सांगितली. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-वजा करत जायचं: ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १. भाची थांबली, पुन्हा मोजलं आणि ओरडली, “मामा, इकरांनी भाग वता हाका!”

बेरीज शून्य. म्हणजे संख्या अकराने निःशेष भागली जाते. कसोटी करायला बसलो आणि पहिला अवयव हाती लागला. आता बाकीचे शोधल्याशिवाय या दोघी गप्प बसणार नाहीत. मीही नाही.

१८ नोव्हेंबर

इतिहासाचा भाग. फलकावर चार ओळींच्या वर नको, पण वहीत सविस्तर.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे इ.स. ११५० च्या ग्रंथात, हा प्रश्न ६१ सह असाच्या असा आहे. एकाच श्लोकात ६७ आणि ६१ दोन्ही विचारलेत. मित्राला उद्देशून म्हटलंय की वर्गप्रकृती (असे प्रश्न सोडवायचं गणित) तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग. वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे संस्कृतचे निवृत्त मास्तर हा श्लोक चालीवर म्हणतात. आज म्हटला, आणि वर विचारलं, “तुम्ही लोक याला पेलचं समीकरण का म्हणता?” पेल हा इंग्रज गणिती; ऑयलर या स्विस गणितज्ञाने चुकून त्याचं नाव लावलं आणि ते चिकटलं, एवढंच उत्तर आहे. मास्तरांना ते पटलं नाही. पटण्यासारखं नाहीच.

शब्द मात्र भास्कराचार्यांचेच वापरायचे: ६१ ही प्रकृती, लहान मूळ कनिष्ठ, मोठं मूळ ज्येष्ठ, मिळवायची संख्या क्षेप. आपली १७६६३१९०४९ ही ज्येष्ठ. दोन उत्तरं एकत्र करून तिसरं काढायची भावना ब्रह्मगुप्ताची, इ.स. ६२८ ची. चक्रवाल ही फेऱ्याफेऱ्यांनी क्षेप लहान करत नेण्याची रीत.

पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फर्मा या गणितज्ञाने फ्रान्समधून हाच प्रश्न टाकला आणि नमुन्याला हेच ६१ दिलं, जोडीला १०९. भास्कराचार्यांचं काम त्याला माहीत असण्याचा संभव नव्हता. बीजगणिताचं कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर १८१७ चं. दोघांनी स्वतंत्रपणे ६१ वरच बोट ठेवलं, कारण सोपा दिसून फसवणारा आकडा शोधायला बसलं की ६१ च सापडतो.

आणखी एक ओळ घालायचा मोह होतोय. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, आणि भाऊ दाजी मूळचे आमच्या गोव्याचे, पेडण्यातल्या मांद्र्याचे. गणिताशी याचा संबंध नाही, पण आमच्या खोलीत येणारे निम्मे लोक या ओळीपाशीच थांबतील. घालतो.

२३ नोव्हेंबर

आज रीत पानावर उतरवली. ६१ ला ब्रह्मगुप्ताची आडवाट सापडते म्हणून ती एका पानात मावते.

सुरुवात ८ पासून, कारण ८ चा वर्ग ६४, ६१ च्या जवळ. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा गुणक हवा की तो ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि त्याचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. १, ४, ७, १० यांतून ७. मग नवं कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५, नवं ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९, आणि क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = ऋण ४. ताळा: ३९ चा वर्ग १५२१, ६१ × २५ = १५२५. चारने कमी. बरोबर.

इथे क्षेप ऋण ४ आला की आडवाट उघडते. दोन्ही मुळं निम्मी केली की क्षेप ऋण १ होतो: ज्येष्ठ ३९/२, कनिष्ठ ५/२. अपूर्णांक आले म्हणून बिचकायचं नाही, ते पुढे आपोआप जातात. या जोडीची स्वतःशीच भावना केली की १५२३/२ आणि १९५/२, क्षेप १. त्यात पुन्हा ३९/२ ची जोडी मिसळली की २९७१८ आणि ३८०५, क्षेप ऋण १. अपूर्णांक गेले. शेवटी हिची स्वतःशी भावना: ज्येष्ठ म्हणजे २९७१८ चा वर्ग अधिक ६१ × ३८०५ चा वर्ग, ८८३१५९५२४ + ८८३१५९५२५ = १७६६३१९०४९. कनिष्ठ २ × २९७१८ × ३८०५ = २२६१५३९८०.

या बेरजेतल्या दोन संख्या लगतच्या आहेत, एकाचाच फरक. फलकावर ही ओळ सर्वांत मोठ्या अक्षरात.

१, २, ३ करत चाचपडत गेलं असतं तर? सेकंदाला एक संख्या तपासली तरी २२,६१,५३,९८० पर्यंत पोचायला सात वर्षांहून जास्त लागतील, तेही न झोपता. वरची रीत एका बैठकीत होते.

२७ नोव्हेंबर

२३ तारखेच्या बेरजेतूनच संख्येचे दोन्ही शेजारी उघडे पडतात. एकाने लहान ती १७६६३१९०४८ = २ × २९७१८ चा वर्ग. एकाने मोठी ती १७६६३१९०५० = १२२ × ३८०५ चा वर्ग. म्हणजे एका बाजूला एका वर्गाची दुप्पट, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या वर्गाची १२२ पट, आणि मधे आपली संख्या.

फोड केली. २९७१८ = ३९ × ७६२. ३८०५ = ५ × ७६१. ७६१ आणि ७६२ लगतचे कसे? ३९ चा वर्ग १५२१. त्यात १ मिळवून निम्मे केले की ७६१, ३ मिळवून निम्मे केले की ७६२. आणि दोघांची बेरीज १५२३, म्हणजे मधल्या पायरीवरचा आकडा. वरवर बेशिस्त दिसणारे हे दहा अंक सगळे एका ३९ मधून निघालेले आहेत. मला फलकावर हेच दाखवायचंय. ‘केवढी मोठी’ हे नाही.

३ डिसेंबर

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी. जुन्या गोव्याकडे जाणारा रस्ता तुडुंब, कुणी कुठे गेलं नाही, म्हणून मुली सकाळीच हजर. आज अवयव.

अकराने भागलं: १६०५७४४५९. पुढे कुठल्या मूळ संख्या तपासायच्या? सगळ्या नाहीत. आपली संख्या ‘एका वर्गाची दुप्पट अधिक १’ आहे. अशा संख्येला भागणारी मूळ संख्या आठाने भागली तर बाकी १ किंवा ३ च उरते. ५ किंवा ७ कधीच नाही. म्हणजे ५, ७, १३, २३, २९, ३१, ३७, ४७, ५३ न तपासताच बाद. निम्म्याहून अधिक काम चाळणीतच गळालं.

३ नाही, अंकांची बेरीज सांगते. १७: बाकी ७. १९: बाकी ६. ४१: बाकी ९. ४३: बाकी ३२. ५९: मैत्रिणीने शेवटची वजाबाकी केली आणि वही आमच्याकडे फिरवली. शून्य. उरले २७२१६०१.

आता याला पुढची प्रत्येक मूळ संख्या लावत बसायचं का? फर्माचीच दुसरी रीत काढली. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायची: तिच्याहून जरा मोठे वर्ग घेत जायचे आणि उरलेला फरक वर्ग आहे का बघायचं. २७२१६०१ चं वर्गमूळ १६४९ च्या थोडं वर, म्हणून १६५० पासून.

१६५० चा वर्ग २७२२५००, फरक ८९९. तिघांच्याही तोंडून एकदम ‘अरे!’ निघालं. ९०० असता तर काम झालं असतं, एकाने हुकलं. १६५१: फरक ४२००. नाही. १६५२: ७५०३. नाही. १६५३: १०८०८, १०४ चा वर्ग १०८१६, पुन्हा हुलकावणी. १६५४: १४११५. नाही. १६५५: २७३९०२५, फरक १७४२४. भाचीने १३२ चा वर्ग मांडला: १७४२४.

झालं. २७२१६०१ = (१६५५ − १३२) × (१६५५ + १३२) = १५२३ × १७८७. दोन्ही मूळ; चाळीसच्या आसपासपर्यंत भागून पाहिलं.

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७.

चारही अवयवांना २४ ने भागलं तर प्रत्येक वेळी बाकी ११. फलकाच्या कोपऱ्यात हे टाकणार, लोकांना भागाकार करून बघायला.

मग भाची वही मागे उलटत गेली, २३ नोव्हेंबरच्या पानापर्यंत, आणि १५२३/२ वर बोट ठेवलं. “हो आमच्याकडे पयलींच आशिल्लो.” खरंच की. इतका वेळ आम्ही जो अवयव शोधत होतो तो मधल्या पायरीवर लिहूनच ठेवलेला.

६ डिसेंबर

हा योगायोग नाही, हे दाखवायला तीन ओळी पुरतात. क्षेप १ असलेल्या जोडीचं ज्येष्ठ क मानलं, तर तिची स्वतःशी भावना केली की ज्येष्ठ येतं २क² − १, आणि त्यात मूळ जोडी आणखी एकदा मिसळली की ४क³ − ३क. मी फळ्यावर एवढंच लिहिलं होतं. मैत्रीण म्हणाली, हे तर कॉस ३थीटाचं सूत्र. अकरावीत नुकतंच झालंय त्यांचं. तेच सूत्र आहे, अक्षरन् अक्षर. २क² − १ हे कॉस २थीटाचं.

आता क = १५२३/२ घातलं: १५२३ × (१५२३ चा वर्ग − ३) ÷ २. म्हणजे १५२३ × ११५९७६३. बरोबर १७६६३१९०४९. ३९/२ ची जोडी सहा वेळा मिसळायची आहे. आधी दोनदा आणि मग तिप्पट केलं काय, किंवा भास्कराचार्यांसारखं आधी तीनदा आणि मग दुप्पट केलं काय, पोचणार एकाच जागी. पण पहिल्या वाटेने गेलं की अवयव आपसूक दिसतो, दुसऱ्या वाटेने गेलं की शेजाऱ्यांचे वर्ग दिसतात. दोन्ही वाटा फलकावर शेजारी-शेजारी काढणार.

१३ डिसेंबर

फलकाचं काम. फ्लेक्स नको, पुठ्ठ्यावर हाताने. अंक देवनागरी की इंग्रजी यावर मुलींशी थोडी हुज्जत झाली; देवनागरीच ठरले, मास्तरांनी निकाल दिला. खाली टेबलावर चौकटीचे कागद आणि पेन्सिली. ज्याला ताळा करायचाय त्याने बसावं.

एक ओळ वाढवली: १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागलं तर ६१ चं वर्गमूळ मिळतं, ७.८१०२४९६७५९०६६५४३९, दशांशानंतर सतरा अंकांपर्यंत अचूक. फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे पूर्ण दिसणार नाही, तरी लोक करून बघतील.

१९ डिसेंबर

मुक्तिदिनाची सुट्टी. फलक तयार, वर नेऊन टेकवला. वेळ होता म्हणून फर्माचा दुसरा नमुना काढला: १०९.

इथेही आडवाट तीच. २६१ चा वर्ग ६८१२१, १०९ × २५ चा वर्ग ६८१२५. क्षेप ऋण ४. म्हणजे ३९ च्या जागी २६१ ठेवायचे आणि त्याच पायऱ्या चढायच्या. २६१ चा वर्ग अधिक २ म्हणजे ६८१२३, ही १५२३ ची जागा. मग ज्येष्ठ: ६८१२३ × (६८१२३ चा वर्ग − ३) ÷ २. पंधरा आकडी उत्तर, १५८०७०६७१९८६२४९. चहा होईपर्यंत गुणाकार संपला.

अवयवांचं अर्धं काम फुकटात झालं, कारण ६८१२३ हातात आहेच. मुलींनी सवयीने आधी अकराची कसोटी लावली: भाग जातो. ६१९३ उरले, त्यालाही जातो. ६८१२३ = ११ × ११ × ५६३. दुसरा तुकडा २३२०३७१५६३, त्याला अकराचा भाग जात नाही. आठची चाळणी इथेही चालते, कारण ही संख्यासुद्धा एका वर्गाची, ८८९०१८२ च्या वर्गाची, दुप्पट अधिक १ आहे. तो तुकडा त्यांनी नाताळच्या सुट्टीसाठी वहीत उतरवून घेतला.